आधी किट की आधी सिम्युलेटर? मुलांच्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत, मराठी माध्यम, राहायला भांडुपला. इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंगचं तिच्या डोक्यात बसलंय. जवळच्या एका क्लासने किट आणि फी मिळून बरीच मोठी रक्कम सांगितली. मग कुणीतरी म्हणालं, टिंकरकॅड नावाच्या सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच सर्किट जोडून चालवून बघायच्या वेबसाइटवर, हे सगळं फुकट शिकता येतं. घरात एक जुना लॅपटॉप आहे आणि आईवडील दोघंही कॉमर्सचे. तर किट घ्यावं की सिम्युलेटरवर भागेल? आधी कोडिंग की आधी सर्किट? आणि आपल्यालाच काही येत नसेल तर मुलीला मदत कशी करायची?

ताई, किट आत्ता घेऊ नका. सुरुवातीचे दोन-तीन महिने सिम्युलेटरवर उत्तम भागेल, फक्त तो वापरायचा कसा हे आधी ठरवा. मी शाळांत आणि सुट्टीच्या वर्गांत मुलांना हेच शिकवते, आणि बहुतेक घरांत काय चालतं ते मला पाठ झालंय. एका बाजूला यूट्यूबचा व्हिडिओ लावायचा, त्यात दिसेल तशी तार टिंकरकॅडमध्ये ओढायची, कोड चिकटवायचा, 'स्टार्ट सिम्युलेशन' दाबायचं. दिवा लागतो, आई व्हिडिओ काढते, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला विचारा, रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) का लावलास? उत्तर येतं, "व्हिडिओत होता."

सिम्युलेटर घ्यायचा तो बिघडवायला आणि मोजायला. विकत आणलेल्या किटवर मूल चूक करायला बिचकतं, कारण वस्तू महाग आहे हे त्याच्या कानावर दहादा गेलेलं असतं. पडद्यावर शंभर एलईडी जाळले तरी कुणाचं काही जात नाही. म्हणून माझ्याकडे पहिल्या तासाला नियम एकच असतो: 'स्टार्ट' दाबण्याआधी काय होणार ते वहीत लिहायचं. लागेल, लागणार नाही, मंद लागेल, जळेल. चुकलं तर खोडायचं नाही, खाली खरं काय झालं ते लिहायचं. ही वही तुम्ही, कॉमर्सच्या असून, सहज तपासू शकता. अंदाज एक आणि निकाल दुसरा असेल तिथे विचारा, "हे असं का झालं असेल?" तुम्हाला उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही.

आता कुठून सुरू करायचं. अगदी पहिले काही दिवस टिंकरकॅडसुद्धा नको. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' नावाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केलेला. त्यात सर्किट जोडायचं एक सिम्युलेशन आहे, ते फोनच्या ब्राउझरवरही चालतं आणि खातं उघडावं लागत नाही. या प्रकल्पातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. तिथे बॅटरी, तार आणि बल्ब जोडला की तारेतून निळे ठिपके सरकताना दिसतात. बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली की ज्वाळा येतात. मुलांना ते फार आवडतं आणि शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे परत सांगावं लागत नाही. 'धाराविद्युत' हा धडा तिला पुढे आठवीत आणि नववीत येणारच आहे. विभवांतर, रोध हे शब्द तेव्हा भेटतील. आत्ता ठिपके जोरात पळतात की हळू, एवढं कळलं तरी पुरे.

मग टिंकरकॅड. ते ऑटोडेस्क कंपनीचं आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. फोनवर मात्र त्याचा सर्किटचा भाग वापरायचा प्रयत्न करू नका, बोटाने तारा ओढताना मूल वैतागेल. तुमचा जुना लॅपटॉप चालेल, फक्त बाकीचे टॅब बंद ठेवा. मुलगी तेरा वर्षांच्या आतली असल्यामुळे खातं उघडताना पालकांची मंजुरी मागतील, ती तुमच्या ईमेलवरून द्या. शिक्षकाने वर्ग तयार केला असेल तर नुसत्या कोडने आणि टोपणनावाने आत जाता येतं, मुलाचा ईमेल लागत नाही.

पहिला प्रयोग मी नेहमी एकच देते. 9 व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, मध्ये काहीही नाही. वहीत बहुतेक मुलं "लागेल" असं लिहितात. 'स्टार्ट' दाबल्यावर एलईडीवर फुटल्यासारखी खूण येते. तिच्यावर माउस नेला की किती मिलिअँपिअर करंट जातोय आणि मर्यादा किती आहे ते लिहून येतं. ती मर्यादा 20 मिलिअँपिअर. इथे थांबायचं, लगेच रेझिस्टर लावून मोकळं व्हायचं नाही. विचारायचं, किती ओमचा (ओम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) लावला तर 20 च्या आत येईल? मुलं मनाला येईल तो आकडा टाकतात. 100 ओमला सुमारे 70 मिलिअँपिअर जातात. 330 ला 21, म्हणजे दिवा छान लागतो तरी इशारा येतोच. 470 ला 15 वर येतं. 1 किलोओमला 7, थोडा मंद, पण डोळ्यांना पुरेसा. हे आकडे वहीत एकाखाली एक आले की मग हळूच सांगायचं की लाल एलईडी स्वतःसाठी साधारण 2 व्होल्ट ठेवून घेतो, उरलेले 7 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. 7 ला ओमने भाग देऊन बघ. सातवीच्या मुलीला भागाकार येतो. तिने कॅल्क्युलेटरवर 7 भागिले 470 केलं, 0.0149 अँपिअर, म्हणजे जवळजवळ 15 मिलिअँपिअर आलं आणि पडद्यावरच्या मीटरनेही जवळजवळ तेच दाखवलं, की ओहमचा नियम वेगळा शिकवायला लागत नाही. नववीत तो फळ्यावर येईल तेव्हा तिच्यासाठी तो जुना असेल.

मीटरचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडा वेळ घालवते, कारण बहुतेक क्लासमध्ये मल्टिमीटरला कुणी हात लावत नाही. टिंकरकॅडमध्ये तो यादीतच आहे. व्होल्ट, अँपिअर आणि ओम असे तिन्ही प्रकार मिळतात. व्होल्ट मोजायला मीटर वस्तूच्या दोन टोकांना लावायचा आणि करंट मोजायला सर्किट तोडून मधोमध घालायचा. हे सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही. म्हणून मी त्यांना मुद्दाम अँपिअरवरचा मीटर थेट बॅटरीला लावायला सांगते. आकडा एकदम वर उडतो. खऱ्या मीटरमध्ये अशा वेळी आतला फ्यूज उडतो हे मग सांगायचं. ही चूक पडद्यावर एकदा झाली की टेबलावर होण्याची शक्यता फार कमी.

पुढचा सिम्युलेटर दिसायला अगदी साधा आहे, पण माझा सगळ्यात लाडका: फॉल्स्टॅडचा सर्किट सिम्युलेटर. पॉल फॉल्स्टॅड यांचा, तोही फुकट. यात ब्रेडबोर्ड (भाग नुसते खोचून जोडायची भोकांची पाटी) नाही, एलईडीचं गोंडस चित्र नाही, सरळ सर्किटची आकृती आहे. तारेतून पिवळे ठिपके वाहतात आणि व्होल्टेज जिथे जास्त तिथे तार हिरवी दिसते. कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) म्हणजे काय हे समजावायला याच्याइतकं चांगलं साधन मला मिळालेलं नाही. 9 व्होल्टची बॅटरी, 10 किलोओमचा रेझिस्टर आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. ठिपके आधी भराभर जातात, मग मंदावतात, शेवटी जवळजवळ थांबतात. सिम्युलेटरच्या घड्याळात 10 सेकंद झाले की कपॅसिटरवर साधारण 5.7 व्होल्ट आलेले दिसतात. मुलं विचारतात, एवढेच का? तिथून पुढे दोन तास सहज जातात. ज्या मुलाला चित्रांपेक्षा आकृती आवडते त्याला इथे आधी आणलं तरी हरकत नाही.

कोडिंग आधी की सर्किट आधी, यावर माझं मत ठाम आहे: आधी सर्किट. तीन-चार आठवडे बॅटरी, बटण, एलईडी, ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा तीन पायांचा भाग). मग अर्डुइनो, म्हणजे कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड. नाहीतर होतं असं की दिवा लागला नाही की मूल कोडमध्ये चूक शोधत बसतं आणि एलईडी उलटा लावलेला असतो. टिंकरकॅडमध्ये अर्डुइनो उनो ठेवला की लुकलुकणाऱ्या दिव्याचा कोड ब्लॉकमध्ये तयारच येतो. तिथे 'ब्लॉक्स प्लस टेक्स्ट' हा पर्याय निवडा, म्हणजे डावीकडे ब्लॉक हलवले की उजवीकडे खरा कोड बदलताना दिसतो. नुसत्या टेक्स्टवर जायची घाई नको. एकदा गेलात आणि परत ब्लॉकवर यायचं म्हटलं तर लिहिलेला कोड जातो.

कोडिंगमध्ये कुठे अडतं त्याचं एक उदाहरण सविस्तर देते. सगळीच मुलं ट्रॅफिक सिग्नल करतात. लाल 5 सेकंद, हिरवा 5 सेकंद, पिवळा 2 सेकंद, प्रत्येकामध्ये डिले, म्हणजे 'इतका वेळ थांब' हा आदेश. चालतं. मग मी सांगते, दादर टीटीला रस्ता ओलांडणाऱ्या आजीसाठी एक बटण लाव; ते दाबलं की गाड्यांना लाल मिळाला पाहिजे. बटण लावलं जातं, कोड लिहिला जातो आणि बटण दहापैकी नऊ वेळा काम करत नाही. मूल तारा तपासतं, पिन बदलतं, बटण बदलतं. चूक तारेत नसते. डिले चालू असताना अर्डुइनो दुसरं काहीही बघत नाही. हिरव्याच्या त्या 5 सेकंदांत बटण दाबून सोडलं तर त्याला पत्ताही लागत नाही. मुलाला हे स्वतः सापडू द्या. सिरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेला मजकूर दिसतो त्या चौकटीत) "आता बटण बघतोय" असं छापायची ओळ घालायला सांगा. ती ओळ 12 सेकंदांतून एकदाच उमटते हे दिसलं की चेहरा बघण्यासारखा होतो. त्यानंतर 'मिलिस' हे घड्याळ वापरून तोच सिग्नल पुन्हा लिहायचा. यालाच मी कोडिंग शिकणं म्हणते. त्याआधीचं सगळं टायपिंग. जाता जाता एक: टिंकरकॅडमधला सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा लांब असू शकतो, विशेषतः जुन्या लॅपटॉपवर. वर सिम्युलेटरचा वेळ दिसतो तो बघा, भिंतीवरचं घड्याळ नको.

आता सिम्युलेटर कुठे फसवतो ते. हे सांगितल्याशिवाय उत्तर अर्धवट राहील, आणि किट पूर्ण टाळू नका असं म्हणण्याचं कारणही हेच. पडद्यावरची बॅटरी कधी उतरत नाही. ब्रेडबोर्डचं भोक कधी सैल होत नाही. टिंकरकॅडमधलं बटण दाबलं की एकदाच दाबलं जातं. खऱ्या बटणात आतली पत्री थरथरते आणि अर्डुइनो एका दाबण्याला तीन-चार मोजतो. पिनला काहीच जोडलं नसेल तर सिम्युलेटरमध्ये बहुधा शांत शून्य दिसतं. टेबलावर नुसता हात जवळ नेला तरी आकडे नाचतात. सर्वो मोटर उनोच्या 5 व्होल्टच्या पिनवर पडद्यावर मजेत फिरते, खऱ्यात तिने जोर लावला की व्होल्टेज खाली येतं आणि बोर्ड रीसेट होतो. सिम्युलेटर-सिम्युलेटरमध्येही फरक आहे. वोकवी नावाचा दुसरा सिम्युलेटर ईएसपी32 आणि रास्पबेरी पाय पिको या बोर्डांसाठी झकास आहे आणि बटणाची थरथरही दाखवतो, पण तिथे एलईडी रेझिस्टरशिवाय बिनबोभाट लागतो. म्हणून अगदी नवशिक्या मुलाला मी वोकवी देत नाही. रेझिस्टर विसरायची सवय तिथेच लागते.

पडद्यावरून टेबलावर यायला मी कुठला प्रकल्प देते? पाण्याची टाकी. मुंबईतल्या मुलांना हा समजावून सांगावा लागत नाही. पाणी ठरावीक वेळेला येतं, पिंप भरून वाहू लागतं, आजी ओरडते. पिंप भरलं की दिवा लागला पाहिजे. सर्किट छोटं आहे: पाण्यात दोन तारा. एक बॅटरीच्या 9 व्होल्टला. दुसरी 10 किलोओममधून एनपीएन प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर). कलेक्टरकडे 470 ओम आणि एलईडी, एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. सिम्युलेटरमध्ये पाणी नाही, म्हणून दोन तारांच्या मध्ये बदलता येणारा रेझिस्टर ठेवायचा आणि तो वाढवत न्यायचा. किती किलोओमपर्यंत दिवा नीट लागतो, कुठे मंद होतो, कुठे विझतो, हे वहीत लिहायचं. बेसला नखाएवढा करंट देऊन एलईडीचा मोठा करंट चालू होतो, हे मुलं इथे मीटरने स्वतः मोजतात.

मग खरी बादली. मल्टिमीटर ओमवर ठेवून नळाच्या पाण्यात दोन तारा बुडवायच्या. पहिली गंमत म्हणजे आकडा स्थिर राहत नाही. तारा जवळ आणल्या, खोल बुडवल्या की बदलतो. काही न करता नुसत्या धरून ठेवल्या तरी सरकत राहतो. "मॅडम, मीटर खराब आहे," हे वाक्य दर बॅचला येतं. मीटर चांगला असतो. पडद्यावरचा रेझिस्टर सांगितलं तेवढाच राहायचा, पाणी तसं नाही. तरीही सर्किट चालतं, कारण कुठपर्यंत चालेल ती हद्द मुलांनी आधीच वहीत लिहून ठेवलेली असते. दुसरी गंमत कळायला काही दिवस लागतात. सर्किट तसंच पाण्यात ठेवलं तर धन टोकाची तांब्याची तार काळी-हिरवी पडते आणि झिजते, कारण सतत एकाच दिशेने करंट जाऊन विद्युत अपघटन होतं. यावर उपाय काय? इथे अर्डुइनो कामाला येतो: तारेला सतत करंट द्यायचाच नाही, दर काही सेकंदांनी क्षणभर द्यायचा, वाचायचं, बंद करायचं. सातवीच्या मुलीला कोडिंग कशासाठी हवं याचं इतकं रोकडं कारण कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. (पिण्याच्या पाण्याच्या पिंपात हे करू नका. जुनी बादली घ्या.)

या टप्प्यावर आलात की सामान घ्या आणि तेही सुटं घ्या. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जा, मुलीला बरोबर न्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवार बघा. एक ब्रेडबोर्ड, जंपर तारा, 470 ओम आणि 1 व 10 किलोओमचे रेझिस्टर, मूठभर एलईडी, बीसी547 ट्रान्झिस्टर, दोन-चार बटणं, 9 व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. सगळं मिळून हजाराच्या आत बसतं. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, मीटर घ्याच. अर्डुइनो उनो नंतर घ्या. स्वस्तातला क्लोन (दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कल) चालतो, पण त्यावर बहुधा सीएच340 चिप असते आणि लॅपटॉपवर तिचा ड्रायव्हर टाकावा लागू शकतो. बोर्ड 'बंद' निघाला म्हणून परत करण्याआधी तेवढं बघा. घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगला मुलीचं कुठलंही सर्किट जोडायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी. जुन्या लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्या उघडून वापरायचे व्हिडिओ दिसतात, तेही नको.

पैसे न खर्च करता मिळणाऱ्या आणखी गोष्टी. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते विचारा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना सहावी ते बारावीसाठीच आहे. लॅब असेल आणि कुलूपबंद असेल तर पालकसभेत विषय काढा, चार पालकांनी विचारलं की कुलूप उघडतं. तुमच्याजवळच, पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. त्यात अर्डुइनोचे पाठ आहेत आणि इतर अनेक विषयांचे पाठ मराठीतही मिळतात. तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पाचा 'ई-सिम' हा मुक्त सिम्युलेटर मात्र आत्ता नको, तो डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी आहे. आणि मुलीला सर्किटपेक्षा खेळ बनवण्यातच रस वाटला तर मायक्रोबिट या मुलांसाठीच्या छोट्या बोर्डाचं 'मेककोड' ब्राउझरमध्ये उघडून द्या; त्यात बोर्डचा सिम्युलेटर बाजूलाच असतो, बोर्ड विकत न घेताही काम होतं.

रोज तासभर बसवू नका. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. अडली तर लगेच यूट्यूब उघडायच्या आधी तिला सर्किट तुम्हाला समजावून सांगायला लावा, बॅटरीच्या धन टोकापासून बोट ठेवून, करंट कुठून कुठे जातो ते. निम्म्या वेळा सांगता सांगता तिलाच तुटलेली जागा सापडते.

क्लासचं म्हणाल तर सगळेच वाईट नसतात. पैसे भरण्याआधी एक तास मागे बसून बघायची परवानगी मागा. किटचं झाकण किती चकचकीत आहे ते सोडून द्या, एखाद्या मुलाचं सर्किट चालत नाही तेव्हा शिक्षक काय करतात ते बघा. त्यांनी स्वतः हात घालून मिनिटात तार बदलून दिली आणि पुढच्या मुलाकडे गेले, तर ते पैसे लॅमिंग्टन रोडला खर्च करा. मुलाच्या हातात मीटर देऊन "इथे किती व्होल्ट येतात सांग" म्हणाले, तर फी थोडी जास्त असली तरी घाला तिला.